११८–८४ : सलामीचा विजय आणि चाहत्यांची घाई

६ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री इंडियानापोलिसमध्ये ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने केंटकी विद्यापीठाच्या संघाला ११८–८४ असं हरवलं. दोघांचाही हा हंगामातला पहिलाच सामना. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या, पत्रकारांच्या मतांवर ठरणाऱ्या हंगामपूर्व क्रमवारीत केंटकी दुसरा आणि ड्यूक चौथा होता, त्यामुळे सगळ्यांनी चुरस गृहीत धरली होती. प्रत्यक्षात मध्यंतरालाच ५९–४२ झालं होतं आणि उत्तरार्धातही पुन्हा नेमके ५९–४२. जॉन कॅलिपारी २००९ मध्ये केंटकीचे कोच झाले, तेव्हापासून तो संघ एवढ्या मोठ्या फरकाने कधी हरला नव्हता.

ड्यूककडून आरजे बॅरेटने ३३, झायन विल्यमसनने २८ आणि कॅम रेडिशने २२ गुण केले. तिघांचे मिळून ८३, म्हणजे अख्ख्या केंटकी संघापेक्षा फक्त एक कमी. तिघंही कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. विल्यमसनने बास्केटच्या दिशेने चेंडू टाकला तेरा वेळा आणि त्यातला अकरा वेळा तो आत गेला. सहा फूट सात इंच उंच, १२९ किलोच्या आसपास वजन, आणि त्या वजनानिशी तो मुलगा असा हवेत झेपावत होता की आपला कोण, परका कोण हे विसरून सभागृह उभं राहत होतं.

पुढच्या काही तासांत चाहत्यांमध्ये जे सुरू झालं, ते या प्रकरणाचा विषय आहे. ड्यूकवाले ‘४०–०’ म्हणू लागले, म्हणजे एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद. क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स हा एनबीएतला व्यावसायिक संघ तेव्हा त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू लेब्रॉन जेम्स सोडून गेल्यामुळे गाळात होता, पहिल्या दहा सामन्यांत त्यांचा एकच विजय झाला होता. ड्यूकची ही पोरं कॅव्हेलियर्सना हरवतील का, यावर अमेरिकाभर गंभीरपणे वाद झाला. केंटकीवाल्यांनी त्याच रात्री हंगाम संपल्याची भाषा सुरू केली. आठवड्याभराने नवी क्रमवारी आली तेव्हा पत्रकारांनीही त्याच प्रवाहात उडी घेतलेली दिसली : ड्यूक थेट पहिला, केंटकी घसरून दहावा. एका सामन्यावर!

या प्रतिक्रियांना वेडेपणा म्हणणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. त्या रात्री चाहत्यांनी जे पाहिलं ते खरं होतं. त्यांनी त्यातून जो निष्कर्ष काढला तो घाईचा होता, आणि त्या घाईला कारणं होती. ती कारणं समजून घेतल्याशिवाय कॉलेज बास्केटबॉलचा चाहता कळणार नाही.

दरवर्षी नवा संघ

आपल्याकडे कॉलेजच्या नावाने घसा फोडण्याचा अनुभव घ्यायचा तर पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला जावं. भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ सुरू झाला की स्टेजवर कोण आहे हे दुय्यम ठरतं. गेल्या वर्षीचे नट पास होऊन गेलेले असतात, नवी पोरं आलेली असतात, पण कॉलेज तेच असतं आणि आरोळीही तीच. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची निष्ठा याच जातीची आहे, फक्त तिथे आरोळी देणारे वीस हजार असतात, सत्तरीतले आजोबा असतात, आणि त्यांच्यातले कितीतरी जण त्या कॉलेजात कधी शिकलेलेही नसतात.

केंटकी राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. ना एनबीएचा, ना अमेरिकन फुटबॉलचा, ना बेसबॉलचा. लेक्सिंग्टनचं वीस हजारांहून अधिक आसनांचं रप अरिना हेच त्या राज्याचं सार्वजनिक देवघर. खाणकामगारांच्या पूर्वेकडच्या गावांपासून घोड्यांच्या पागांपर्यंत सगळीकडे विषय एकच. ऑक्टोबरात ‘बिग ब्लू मॅडनेस’ नावाचा पहिल्या जाहीर सरावाचा सोहळा असतो आणि त्याच्या तिकिटांसाठी लोक तंबू ठोकून बसत आले आहेत. सरावासाठी, सामन्यासाठी नव्हे.

ड्यूकचं तसं नाही. ते नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहमचं खासगी, महागडं विद्यापीठ. कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममध्ये जेमतेम ९,३१४ माणसं मावतात, आणि अंगाला निळा रंग फासून कोर्टाला अक्षरशः चिकटून उभे राहणारे विद्यार्थी हा त्या स्टेडियमचा प्राण. २०२२ पर्यंत कोच असलेल्या माइक शशेफ्स्की यांच्या नावाने वसलेली ‘शशेफ्स्कीव्हिल’ ही तंबूंची वस्ती तर जगप्रसिद्ध आहे. या विद्यापीठाच्या आसपास, केरी आणि मॉरिसव्हिल भागात, आयटी आणि औषधनिर्मितीत काम करणारी मराठी कुटुंबं बऱ्याच संख्येने राहतात. तिथे वाढणाऱ्या मुलांना शाळेत लवकरच एक प्रश्न विचारला जातो : गडद निळा की फिकट निळा? गडद म्हणजे ड्यूक, फिकट म्हणजे तिथून अवघ्या आठ मैलांवरचं नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ. उत्तर द्यावंच लागतं.

आता मुख्य मुद्दा. एनबीएने २००६ च्या ड्राफ्टपासून, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक प्रक्रियेपासून, नियम केला की खेळाडू किमान १९ वर्षांचा हवा आणि त्याच्या वर्गाची शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं. परिणाम असा झाला की देशातली सर्वोत्तम पोरं एका वर्षापुरती कॉलेजात येऊ लागली. नोव्हेंबरात पहिला सामना, एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत शेवटचा, जूनमध्ये ड्राफ्ट. याला तिथे ‘वन अँड डन’ म्हणतात. कॅलिपारींनी केंटकीत या पद्धतीवर साम्राज्य उभं केलं आणि २०१२ मध्ये अँथनी डेव्हिसच्या संघासह विजेतेपद मिळवलं. शशेफ्स्कींनी नंतर तोच मार्ग धरला आणि २०१५ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांच्या जोरावर जिंकून दाखवलं.

चाहत्याच्या बाजूने पाहिलं तर ही फार अवघड गोष्ट आहे. पूर्वी एखादा खेळाडू चार वर्षं असायचा. पहिल्या वर्षी तो बाकावर बसलेला, तिसऱ्या वर्षी महत्त्वाचा बास्केट चुकवलेला, चौथ्या वर्षी उभा राहिलेला लोकांनी पाहिलेला असायचा. आठवणींचा साठा तयार असायचा आणि नोव्हेंबरातला पहिला सामना त्या साठ्यात भर घालायचा, इतकंच. आता साठाच नाही. जर्सीवरचं नाव सोडलं तर संघातलं काहीच ओळखीचं नाही. ज्यांच्यावर पाच महिने जीव टाकायचा, त्यांची पहिली भेट सलामीच्या सामन्यात होते आणि वेळ थोडा असतो. भूतकाळ नसला की माणूस भविष्य घेऊन मोकळी जागा भरतो. ‘४०–०’ ही आरोळी तिथून येते.

त्या रात्रीआधीचं ओझं

इंडियानापोलिस हे ठिकाणही साधं नव्हतं. ड्यूकच्या पाच विजेतेपदांपैकी तीन, म्हणजे १९९१, २०१० आणि २०१५ ची, याच शहरात मिळालेली. उलट केंटकीचा २०१४–१५ चा संघ ३८–० असा अपराजित इथे आला आणि उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून ७१–६४ असा हरला. ‘४०–०’ चे टी-शर्ट तेव्हा केंटकीत विकले गेले होते. दोन दिवसांनी त्याच विस्कॉन्सिनला हरवून ड्यूक विजेता झाला. लेक्सिंग्टनहून इंडियानापोलिस गाडीने तीन तासांवर, म्हणजे केंटकीवाल्यांना जायला सोपं आणि आठवायला कठीण असं शहर.

त्याही मागे १९९२ आहे. फिलाडेल्फियात अतिरिक्त वेळेच्या अखेरच्या क्षणी ख्रिश्चन लेटनरने मारलेला तो फटका आणि ड्यूकचा १०४–१०३ विजय. केंटकीत त्यानंतर जन्मलेली माणसंसुद्धा लेटनरचं नाव दात आवळून घेतात. ड्यूक–केंटकी सामन्यात हार फक्त त्या दिवसाची नसते.

आणि २०१८ ची ताजी जखम वेगळीच होती. बॅरेट, विल्यमसन, रेडिश हे त्या वर्षी शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांमधले अव्वल तीन समजले जात. कॉलेज निवडताना तिघांच्याही अंतिम यादीत केंटकीचं नाव होतं आणि तिघांनीही ड्यूक निवडलं. देशातले पहिले तीन एकाच कॉलेजात, हे याआधी घडलं नव्हतं. त्यामुळे त्या रात्री केंटकीचा चाहता नुसता पराभव बघत नव्हता. आपल्या घरी येऊ शकली असती अशी पोरं आपल्यालाच धुऊन काढताना बघत होता. कॅलिपारी पोरं गोळा करतात पण सामना चालवता येत नाही, ही जुनी तक्रार पुन्हा वर आली. यातला विरोधाभास असा की या वेळी पोरं गोळा करण्यातही ते मागे पडले होते.

केंटकीच्या अपेक्षा फुगल्या होत्या त्यालाही कारण होतं. ऑगस्टमध्ये संघ बहामाला गेला, चार सामने खेळला, चारही जिंकला, आणि टीव्हीवर ते सगळ्यांनी पाहिलं. टायलर हिरो, केल्डन जॉन्सन ही नवी मुलं चमकली. स्टॅनफर्डहून आलेला रीड ट्रॅव्हिस, परतून दुसऱ्या वर्षाला थांबलेला पीजे वॉशिंग्टन. ड्यूकपेक्षा हा संघ प्रौढ आहे, असा लोकांचा समज झाला. ड्यूकही त्याच महिन्यात कॅनडात तीन सामने जिंकून आला होता. म्हणजे दोन्ही बाजू ऑगस्टच्या उन्हाळी चित्रावर विसंबून नोव्हेंबरात उतरल्या होत्या.

सामन्यात खरोखर काय घडलं

इथे जरा थांबायला हवं, कारण प्रतिक्रियांची चूक कुठे होती ते धावफलकाच्या आतच दडलेलं आहे.

३४ गुणांचा फरक दोन प्रकारच्या गोष्टींनी बनला होता. एक प्रकार पुन:पुन्हा घडणारा. विल्यमसनची ताकद, बॅरेटचं थेट आत घुसणं, रिबाउंड, म्हणजे चुकून परतलेला चेंडू, मिळताच चौघांचं एकदम पळत सुटणं. हे जानेवारीतही दिसणार होतं आणि दिसलं. खेळ चालवणारा पॉइंट गार्ड ट्रे जोन्स, २०१५ च्या विजेत्या संघातल्या टायस जोन्सचा धाकटा भाऊ, त्याने त्या रात्री सात असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला थेट बास्केट मिळवून देणारे पास, दिले आणि चेंडू एकदाही गमावला नाही. सगळ्या संघाने मिळून चेंडू गमावला तो अवघा चार वेळा. पहिल्या वर्षाच्या चार मुलांनी पहिल्याच सामन्यात असं खेळणं अद्भुत होतं.

दुसरा प्रकार त्या रात्रीपुरता. ड्यूकचे लांबून मारलेले तीन गुणांचे फटके जवळजवळ निम्मे आत गेले. पाहणाऱ्याला वाटलं, यांना हेही येतं तर मग थांबवायचं कसं? पण संपूर्ण हंगामात या संघाचं तीन गुणांच्या फटक्यांचं प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास राहिलं. विजेतेपदाच्या दावेदारासाठी ते फारच कमी. ट्रे जोन्सचं तर जवळपास २६ टक्के.

लांबचा फटका हा बास्केटबॉलमधला सर्वांत लहरी भाग. एका रात्री हात लागला की वीस गुणांचा फरक आपोआप वाढतो, आणि बघणाऱ्याच्या लक्षात फरक राहतो, तो कशाने झाला ते राहत नाही. धावफलक दोन्ही प्रकार एकाच आकड्यात मिसळून टाकतो. त्या मिसळलेल्या आकड्याला चाहत्यांनी संघाची खरी उंची मानलं. पत्रकारांनीही मानलं, तेव्हा एकट्या चाहत्यांना दोष देणं अन्यायाचं आहे.

केंटकीच्या बाजूनेही तेच. त्यांच्या बचावातली ढिलाई खरी होती, पण ती कच्च्या, नव्या संघाची ढिलाई होती आणि ती सुधारणारी होती. पराभवाच्या रात्री हे सांगणारे थोडे होते. त्या थोड्यांचं कौतुक करावंसं वाटतं, कारण ३४ गुणांनी हरल्यावर ‘थांबा, ही पोरं शिकतील’ म्हणायला छाती लागते.

पंधरा दिवस

‘४०–०’ टिकलं पंधरा दिवस. २१ नोव्हेंबरला हवाईतल्या माऊई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गोन्झागाने ड्यूकला ८९–८७ असं हरवलं. ड्यूक मागून येऊन बरोबरीला पोचला होता. शेवटच्या मिनिटाभरात बॅरेट पुन:पुन्हा चेंडू घेऊन गर्दीत घुसत राहिला आणि चेंडू आत गेला नाही. बाहेर मोकळ्या उभ्या असलेल्या सहकाऱ्याला पास द्यावा असं त्याला वाटेना. बाहेरच्यांचे फटके पडत नाहीत याची चाहूल त्यालाही लागली असावी, असं मला वाटतं. याच बॅरेटने पहिल्या रात्री ३३ गुण केले तेव्हा तो देशाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. दोन आठवड्यांत तो स्वार्थी ठरला. अठरा वर्षांच्या मुलाला इतक्या वेगाने चढवणं आणि उतरवणं मला क्रूर वाटतं, आणि सलामीच्या विजयाचं सर्वांत मोठं बिल अशा मुलांच्याच नावाने फाटतं.

त्या सुमारास केंटकीही ठेचकाळत होता. डिसेंबरात न्यूयॉर्कला सीटन हॉलकडून अतिरिक्त वेळेत ८४–८३ अशी हार. जानेवारीत अलाबामाकडून दोन गुणांनी. पण मधे शिकागोत नॉर्थ कॅरोलिनाला हरवलं, लुइव्हिलच्या अंगणात जाऊन जिंकले, जानेवारीअखेर कॅन्ससला रप अरिनात ७१–६३ असं नमवलं, फेब्रुवारीत टेनेसीला १७ गुणांनी. वॉशिंग्टन दर आठवड्याला मोठा होत गेला. अॅश्टन हॅगन्सचा बचाव असा झाला की समोरच्याला चेंडू पुढे नेणं जड जावं. नोव्हेंबरात ज्यांनी हंगाम संपवून टाकला होता, तेच फेब्रुवारीत राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांचं बोलत होते. आपलं नोव्हेंबरचं बोलणं कुणाला आठवत नव्हतं.

ड्यूकची खरी परीक्षा २० फेब्रुवारी २०१९ ला झाली. कॅमेरॉनमध्ये नॉर्थ कॅरोलिनाविरुद्धचा सामना, बराक ओबामा प्रेक्षकांत, आणि खेळ सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं तोच विल्यमसनचा पाय वळताना नायकीचा बूट फाटला. गुडघा दुखावून तो बाहेर गेला. ड्यूक ८८–७२ असा हरला. दुसऱ्या दिवशी नायकीचा शेअर एक टक्क्याच्या आसपास उतरला. एका मुलाच्या बुटावर केवढं काय उभं होतं हे त्या दिवशी देशाला दिसलं. त्याला एक पैसाही पगार मिळत नव्हता, हेही लोकांनी त्याच दिवशी मोठ्याने बोलायला सुरुवात केली, आणि ते बोललं गेलं हे फार बरं झालं.

तो परतला मार्चमध्ये, ड्यूकच्या विभागीय लीगच्या, म्हणजे एसीसीच्या स्पर्धेत. सिराक्यूजविरुद्ध १३ पैकी १३ फटके आत. चाहते पुन्हा ६ नोव्हेंबरच्या रात्रीत जाऊन पोचले.

३१ मार्च

मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा ६८ संघांची. हरला की घरी, दुसरी संधी नाही. ड्यूकला सर्वोच्च मानांकन मिळालं.

दुसऱ्याच फेरीत सेंट्रल फ्लोरिडाच्या कोचने सरळ हिशेब केला : ट्रे जोन्सला बाहेर मोकळा सोडायचा, सगळी माणसं आत उभी करायची. ते कोच जॉनी डॉकिन्स, स्वतः ड्यूकचे आणि शशेफ्स्कींचे जुने शिष्य. जोन्सने तीन गुणांचे आठ फटके मारले, एकच आत गेला. पहिल्या रात्री झाकली गेलेली उणीव आता उघड्यावर आली होती. विल्यमसनने ३२ गुण केले म्हणून, आणि शेवटच्या क्षणी डॉकिन्स यांच्याच मुलाने ढकललेला चेंडू बास्केटच्या कड्यावरून घरंगळत बाहेर पडला म्हणून, ड्यूक ७७–७६ असा वाचला. पुढच्या फेरीत व्हर्जिनिया टेकविरुद्ध ७५–७३. दोन गुण, एक गुण. नोव्हेंबरचे ३४ कुठे गेले होते?

३१ मार्चला, रविवारी, दोन सामने होते. दुपारी कॅन्सस सिटीत केंटकी विरुद्ध ऑबर्न. त्यानंतर वॉशिंग्टन डीसीत ड्यूक विरुद्ध मिशिगन स्टेट. दोन्ही जिंकणारे अंतिम चौघांत जाणार. सलामीला समोरासमोर आलेले दोन संघ एकाच दिवशी एकाच उंबरठ्यावर उभे होते.

केंटकीने ऑबर्नला त्या हंगामात दोनदा हरवलं होतं. त्यातला फेब्रुवारीचा विजय ८०–५३ असा, २७ गुणांनी. ऑबर्नचा चुमा ओकेके आदल्या सामन्यात गुडघ्याला मोठी दुखापत होऊन बसलेला. वॉशिंग्टनने पायाच्या दुखण्यातून उठून २८ गुण केले. आणि केंटकी अतिरिक्त वेळेत ७७–७१ असा हरला. २७ गुणांचा विजय ऑबर्नच्या पाच आठवड्यांच्या जिद्दीपुढे काही कामाला आला नाही.

संध्याकाळी मिशिगन स्टेटच्या केनी गोइन्सने अखेरच्या मिनिटात तीन गुणांचा फटका मारून आघाडी घेतली. पाच सेकंद उरलेले असताना बॅरेट फ्री थ्रोच्या, म्हणजे कुणीही न अडवता मारायच्या एका गुणाच्या फटक्याच्या, रेषेवर आला. दोन फटके, दोन्ही गेले तर बरोबरी. पहिला चुकला. दुसरा मुद्दाम चुकवून रिबाउंडसाठी झुंजायचं होतं, तो नेमका आत गेला. ६८–६७. ड्यूक घरी.

काही तासांच्या अंतराने दोघंही संपले, आणि तेही एकाच पायरीवर. ड्यूकची कामगिरी ३२–६, केंटकीची ३०–७. नोव्हेंबरात एकाला अजिंक्य आणि दुसऱ्याला मोडीत काढलेलं होतं, त्या दोघांमध्ये अखेरीस उरलेलं अंतर एवढंच.

त्याच रात्रीचे इतर

सलामीच्या त्याच रात्री इंडियानापोलिसमध्ये आधी दुसरा सामना झाला होता : पहिल्या क्रमांकाच्या कॅन्ससने मिशिगन स्टेटला ९२–८७ असं हरवलं. कॅन्ससवाले खुशीत गेले. पुढे दुखापती झाल्या, सलग चौदा वर्षं राखलेलं बिग १२ या त्यांच्या विभागीय लीगचं विजेतेपद त्याच हंगामात हातचं गेलं, आणि मार्चच्या दुसऱ्या फेरीत ऑबर्ननेच त्यांना ८९–७५ असं घरी पाठवलं. त्या रात्री खेळलेल्या चार संघांपैकी अंतिम चौघांत पोचला तो एकटा मिशिगन स्टेट, पाच गुणांनी हरून गेलेला. त्याचे चाहते त्या रात्री कोणत्याही चर्चेत नव्हते.

आणि त्याच ६ नोव्हेंबरला व्हर्जिनियाने शार्लट्सव्हिलमध्ये टाउसनला ७३–४२ असं हरवलं. त्यांचाही फरक ३१ गुणांचा, पण गाजावाजा जवळजवळ नाही. प्रतिस्पर्धी लहान होता हे एक कारण. दुसरं मोठं कारण म्हणजे आठ महिन्यांपूर्वी, मार्च २०१८ मध्ये, हाच संघ स्पर्धेच्या इतिहासात सोळाव्या, म्हणजे सर्वांत खालच्या मानांकनाच्या संघाकडून हरणारा पहिला अव्वल मानांकित ठरला होता. मेरीलँडमधल्या यूएमबीसी या विद्यापीठाने त्यांना ७४–५४ असं लोळवलं होतं. काइल गाय, टाय जेरोम, डिआंद्रे हंटर ही मुलं निघून गेली नाहीत, परत आली. हंटर त्या यूएमबीसीच्या सामन्यात दुखापतीमुळे नव्हता, बाकीच्यांनी ते अंगावर घेतलं होतं. व्हर्जिनियाच्या चाहत्यांकडे या मुलांबरोबर घालवलेली वर्षं होती, एकत्र भोगलेली लाज होती. नोव्हेंबरात त्यांना कशाचीही खात्री करून घ्यायची नव्हती. ते मार्चची वाट बघत होते. एप्रिल २०१९ मध्ये मिनियापोलिसला व्हर्जिनियाने टेक्सस टेकला अतिरिक्त वेळेत ८५–७७ असं हरवलं आणि पहिल्यांदा विजेतेपद घेतलं.

म्हणून मी म्हणतो की सलामीच्या विजयावरच्या प्रतिक्रियेचं माप प्रतिस्पर्ध्याच्या नावाने आणि फरकाच्या आकड्याने पूर्ण लागत नाही. चाहत्याकडे त्या खेळाडूंची किती आठवण जमा आहे, यावर ते बरंचसं ठरतं. आठवण जितकी कमी, तितकी आरोळी मोठी.

मात्र एक गोष्ट ड्यूकच्या बाजूने सांगायलाच हवी. व्हर्जिनिया त्या हंगामात तीनच सामने हरला आणि त्यातले दोन ड्यूककडून. जानेवारीत कॅमेरॉनमध्ये ७२–७०, फेब्रुवारीत शार्लट्सव्हिलमध्ये ८१–७१. दुसऱ्या सामन्यात ड्यूकचे तीन गुणांचे फटके पुन्हा एकदा पडत सुटले होते, २१ पैकी १३. म्हणजे पहिल्या रात्री ज्यांनी म्हटलं की हा देशातला सर्वांत ताकदवान संघ आहे, ते बरोबर होते. विजेत्याला त्याने दोनदा हरवलं! त्यांची गफलत झाली ती ताकदीवरून खात्रीवर जाताना. एका पराभवात सगळं संपवणारी स्पर्धा अशी खात्री कुणालाच देत नाही.

जूनमध्ये विल्यमसन ड्राफ्टमध्ये पहिला गेला, बॅरेट तिसरा, रेडिश दहावा. वॉशिंग्टन बारावा, हिरो तेरावा. ज्यांच्यावर दोन राज्यांनी पाच महिने जीव टाकला ते बहुतेक सगळे निघून गेले. ड्यूकच्या चौघांपैकी एकटा ट्रे जोन्स आणखी एक वर्ष थांबला.

५ नोव्हेंबर २०१९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हेच चार विद्यापीठांचे संघ पुन्हा हंगामाची सलामी द्यायला आले. ड्यूकने कॅन्ससला ६८–६६ असं हरवलं. केंटकीने पहिल्या क्रमांकावरच्या मिशिगन स्टेटला ६९–६२ असं हरवलं, आणि टायरिस मॅक्सी नावाच्या पहिल्या वर्षाच्या मुलाने पदार्पणातच २६ गुण केले. पुढच्या सोमवारी केंटकी क्रमवारीत पहिला झाला. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, रप अरिनात इव्हान्सव्हिलने त्यांना ६७–६४ असं हरवलं.